केवळ कॉलेजच्या वर्षांवर तोलायचे झाले, तर अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉलमधला सर्वश्रेष्ठ कोण?

ब्लूरिज (कॅरी, नॉर्थ कॅरोलिना)

नमस्कार मंडळी.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या जुन्या खेळाडूंबद्दल बोलताना आपण त्यांना बहुधा त्यांच्या पुढच्या व्यावसायिक कारकिर्दीच्या उजेडात पाहतो. १९८२ च्या अंतिम सामन्यात मायकल जॉर्डनने जॉर्जटाउनविरुद्ध टाकलेली बास्केट आपल्याला आज एवढी मोठी वाटते, कारण तो पुढे कोण झाला हे आपल्याला ठाऊक आहे. त्या रात्री न्यू ऑर्लीन्समध्ये २८ गुण करून सर्वोत्तम खेळाडू ठरला होता तो जेम्स वर्दी, आणि जॉर्डन हा पहिल्या वर्षाला शिकणारा मुलगा होता. या धाग्यात आपण व्यावसायिक कारकीर्द पूर्णपणे बाजूला ठेवावी आणि कॉलेजच्या तीन-चार वर्षांत ज्याने हा खेळ सर्वाधिक उंचीवर नेला त्याचीच आठवण काढावी, अशी माझी इच्छा आहे.

माझे मत डेव्हिड थॉम्प्सनला आहे. याच राज्यातल्या शेल्बी गावच्या एका मोठ्या, गरीब कुटुंबातून आलेला हा मुलगा १९७२ ते १९७५ असे तीन हंगाम रॅलीच्या एनसी स्टेट विद्यापीठाकडून खेळला. चौथा हंगाम त्याला मिळाला नाही, कारण तो दाखल झाला तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. तो नियम पुढच्याच वर्षी बदलला. उंची अवघी सहा फूट चार इंच, पण उडी अशी की सात फुटी खेळाडूंच्या डोक्यावरून तो चेंडू उचलत असे. दुर्दैव असे की १९६७ पासून १९७६ पर्यंत महाविद्यालयीन सामन्यांत डंक करण्यावर, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये आदळण्यावर, बंदी होती आणि थॉम्प्सनची सगळी कारकीर्द नेमकी त्या बंदीच्या काळातच गेली. मग माँटी टो हा पाच फूट सात इंचांचा गार्ड चेंडू उंच रिंगजवळ फेकायचा, थॉम्प्सन हवेतच तो झेलायचा आणि हात रिंगच्या वर असतानाही तो खाली न आदळता अलगद आत सोडायचा. ज्या बंदीने त्याचे पंख कापायचे, तिच्यामुळेच त्याच्या खेळात एक विलक्षण नजाकत आली असे मला मनापासून वाटते. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात त्याने एकदाच नियम मोडून डंक केला, पंचांनी टेक्निकल फाउल दिला आणि रेनॉल्ड्स कोलिझियममधल्या प्रेक्षकांनी जल्लोष केला.

त्याच्या संघाचा १९७२-७३ चा हंगाम २७ विजय आणि शून्य पराभव असा होता. मात्र खेळाडू भरतीतील नियमभंगाबद्दल विद्यापीठावर कारवाई झालेली असल्याने त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत उतरताच आले नाही. पुढच्या वर्षी, ९ मार्च १९७४ रोजी ग्रीन्सबरो येथे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या प्रादेशिक गटाचा अंतिम सामना मेरीलँडविरुद्ध झाला. त्या काळी कॉन्फरन्सचा एकच विजेता राष्ट्रीय स्पर्धेत जात असे, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम दोन-तीन संघांपैकी एकाचा हंगाम त्या रात्री संपणार होता. जादा वेळेत एनसी स्टेटने १०३–१०० असा विजय मिळवला. मेरीलँडसारखा संघ घरी बसतो हे सर्वांनाच इतके खटकले की पुढच्या वर्षापासून स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघ घेतले जाऊ लागले.

त्यानंतर पिट्सबर्गविरुद्ध थॉम्प्सन सहकाऱ्याच्या खांद्याला अडकून डोक्यावर पडला. प्रेक्षागार सुन्न झाले. डोक्याला टाके घालून, पट्टी बांधून तो त्याच सामन्यात परत येऊन बाकावर बसला आणि पुढच्याच शनिवारी राष्ट्रीय उपांत्य सामन्यात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाविरुद्ध दोन जादा वेळा खेळून २८ गुण करून गेला. सलग सात वर्षे राष्ट्रीय विजेता राहिलेला संघ त्या दिवशी ८०–७७ असा हरला, आणि त्या वर्षीचे विजेतेपद एनसी स्टेटने मिळवले.

आपले मत कोणाला, आणि का, ते सविस्तर लिहावे.

किनारपट्टी (लॉस एंजेलिस)

धागा उत्तम आहे आणि थॉम्प्सनबद्दल आपण लिहिलेले सर्व मान्य आहे, पण सर्वश्रेष्ठ म्हणण्यासाठी एका वर्षाचे विजेतेपद मला पुरेसे वाटत नाही. कॉलेजच्याच वर्षांवर तोलायचे असेल, तर लू अल्सिंडॉरपुढे कोणी उभा राहू शकत नाही. करीम अब्दुल-जब्बार हे नाव त्याने पुढे घेतले. यूसीएलएमध्ये १९६६ ते १९६९ या काळात तो अल्सिंडॉर म्हणूनच खेळला. तीन हंगाम, तीन राष्ट्रीय विजेतेपदे, ८८ विजय आणि फक्त २ पराभव. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेत नसत, म्हणून १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये पॉली पॅव्हिलियनमध्ये त्या मुलांचा विद्यापीठाच्या मुख्य संघाशी सामना ठेवण्यात आला. मुख्य संघ आदल्या सलग दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता होता. अल्सिंडॉरने ३१ गुण केले आणि नवख्या मुलांनी ७५–६० असा विजय मिळवला.

त्याचा पहिला पराभव २० जानेवारी १९६८ रोजी ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये झाला. बेसबॉलसाठी बांधलेल्या त्या अवाढव्य वास्तूच्या मधोमध लाकडी कोर्ट अंथरले होते आणि ५२,६९३ प्रेक्षक जमले होते. नियमित हंगामातला महाविद्यालयीन सामना देशभर दूरचित्रवाणीवर, तोही रात्रीच्या मुख्य वेळेत, दाखवण्याची ती पहिलीच वेळ होती. एल्विन हेजने ३९ गुण केले आणि ह्यूस्टन ७१–६९ असे जिंकले. अल्सिंडॉर डोळ्याला इजा झालेली असताना खेळत होता, हे त्या सामन्याच्या वर्णनांत अनेकदा सुटून जाते. दोन महिन्यांनी राष्ट्रीय उपांत्य फेरीत तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा यूसीएलएने १०१–६९ असा हिशेब चुकता केला.

डंकवरची बंदीही त्याच्या पहिल्या हंगामानंतर आली. कारण काहीही सांगितले गेले असो, ती त्याला रोखण्यासाठीच होती असे तेव्हा सर्रास मानले जाई. त्याने उत्तर म्हणून आकडी फटका, म्हणजे हुक शॉट, घोटून घोटून असा पक्का केला की पुढे आयुष्यभर तो कोणालाच अडवता आला नाही.

बिल वॉल्टनचाही उल्लेख इथेच करतो. १९७३ च्या अंतिम सामन्यात मेम्फिस स्टेटविरुद्ध त्याने २२ पैकी २१ फटके आत टाकून ४४ गुण केले. अंतिम सामन्यातली एवढी निर्दोष कामगिरी मी दुसरी पाहिलेली नाही. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांत अटक करवून घेणारा हा मुलगा आणि मोजे कसे घालावेत इथपासून शिकवणारे शिस्तीचे प्रशिक्षक जॉन वुडन यांचे नाते मला फार मोलाचे वाटते. दाढी वाढवून आलेल्या वॉल्टनला वुडन यांनी त्याच्या मताचा आदर आहे, पण मग संघात जागा नाही, असे शांतपणे सांगितले. वॉल्टनने दाढी काढली, आणि पुढे वुडन यांच्या अखेरीपर्यंत तो त्यांच्याशी मुलासारखा जोडलेला राहिला. २०२४ च्या मे महिन्यात वॉल्टन गेला, तेव्हा इथल्या कित्येकांना घरचे कोणी गेल्यासारखे वाटले.

बायू (बॅटन रूज, लुइझियाना)

विजेतेपदे ही संघाची असतात; एकट्या खेळाडूचा विचार करायचा असेल तर पीट मॅराविच हे नाव टाळता येणार नाही. लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून (एलएसयू) ८३ सामने, ३,६६७ गुण, सामन्यामागे सरासरी ४४.२. एखाद्या सामन्यात ४४ गुण केले तरी खेळाडूचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते; याची ती तीन वर्षांची सरासरी होती. तीन गुणांची रेषा तेव्हा नव्हती, ती १९८६-८७ च्या हंगामापासून आली. म्हणजे वीस-पंचवीस फुटांवरून टाकलेल्या त्याच्या प्रत्येक बास्केटचे दोनच गुण धरले गेले. चौथ्या वर्षाचा हंगाम नव्हता तो नव्हताच. २०२३ साली डेट्रॉइट मर्सीचा अँटवान डेव्हिस ३,६६४ गुणांवर थांबला. त्याला त्यासाठी पाच हंगाम आणि तीन गुणांची रेषा उपलब्ध होती, हे लक्षात घ्यावे.

पण आकड्यांपेक्षा मला त्याचा खेळ अधिक महत्त्वाचा वाटतो. ढगळ, घोट्यावर ओघळलेले राखाडी मोजे, कपाळावर उडणारे केस आणि पाठीमागून, पायांमधून, न पाहता दिलेले पास. प्रेक्षकांना जे चकित करायचे, ते त्याने लहानपणापासून तासन्‌तास केलेल्या सरावाचे फळ होते. वडील प्रेस मॅराविच हे स्वतः प्रशिक्षक. ते आधी रॅलीला एनसी स्टेटचे प्रशिक्षक होते, त्यामुळे पीटच्या शालेय बास्केटबॉलची शेवटची वर्षे ब्लूरिज यांच्या गावाशेजारीच गेली. एलएसयूच्या संघाने त्याच्या आदल्या वर्षी २६ पैकी केवळ ३ सामने जिंकले होते. सामने जनावरांची प्रदर्शने भरणाऱ्या कृषी कोलिझियममध्ये होत. फुटबॉलवेड्या लुइझियानात त्या इमारतीत लोकांनी बास्केटबॉलसाठी रांगा लावल्या, हे पीटचे कर्तृत्व आहे. आज इथले प्रेक्षागार त्याच्याच नावाने ओळखले जाते.

१९८८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना इथे मित्रांबरोबर सहज खेळताना तो कोसळला आणि गेला. वय ४० होते. शवविच्छेदनात असे दिसले की हृदयाला रक्त पुरवणारी डावी मुख्य धमनी त्याला जन्मतःच नव्हती. त्या हृदयाने एवढी वर्षे हा माणूस धावला.

पाचवा_फाउल (शिकागो)

मॅराविचबद्दल आदर राखून एक आक्षेप नोंदवतो. तो सामन्यामागे सरासरी ३८ फटके मारत असे आणि त्यांतले ४४ टक्क्यांच्या आसपास आत जात. वडीलच प्रशिक्षक असल्यामुळे त्याला कोणी थांबवणारे नव्हते. अलाबामाविरुद्ध त्याने ६९ गुण केले तो सामना एलएसयू १०६–१०४ असा हरले, आणि राष्ट्रीय स्पर्धेत तो संघ एकदाही पोहोचला नाही. ऑस्कर रॉबर्टसनने सिनसिनाटीकडून तीनही हंगाम देशात सर्वाधिक गुण केले, सरासरी ३३.८, आणि दोनदा आपला संघ उपांत्य फेरीपर्यंत नेला. त्याच्या खेळात एकही हालचाल वाया जात नसे. मी रॉबर्टसनला वर ठेवेन.

मस्तान_तलाव (मुंबई)

मी नागपाड्याचा. आमच्या भागात बास्केटबॉल हा गल्लीतला खेळ आहे. अब्बास मुंतसीर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कार मिळवणारा भारताचा कर्णधार याच वस्तीने दिला. माझ्या लहानपणी अमेरिकन महाविद्यालयीन सामने पाहायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जुन्या अमेरिकन मासिकांतून जी छायाचित्रे हाती येत, ती मोठी मुले जपून ठेवत, आणि मॅराविचचा पाठीमागून पास देतानाचा फोटो पाहून तो पास कसा दिला असेल याचा अंदाज बांधत आम्ही संध्याकाळभर तो करून पाहत असू. त्यामुळे ‘पाचवा_फाउल’ यांचे गणित बरोबर असले तरी माझे मत मॅराविचलाच जाते. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलांना चेंडूशी खेळत राहावेसे वाटावे, हेही एका खेळाडूचे मोजमाप असू शकते.

पीच_ट्री (अटलांटा, जॉर्जिया)

सगळे प्रतिसाद आनंदाने वाचले, परंतु एक गोष्ट इथे आलीच पाहिजे. आपण ज्या जुन्या काळाविषयी एवढ्या प्रेमाने बोलत आहोत, त्या काळात दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होते. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९६५ साली मेरीलँडकडून खेळला. केंटकी, एलएसयू, अलाबामा यांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये तर व्हँडरबिल्टचा पेरी वॉलेस १९६७ च्या अखेरीस उतरला तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा सुटू लागला. मॅराविचचे बहुतेक सर्व गुण अशा संघांविरुद्ध आहेत, ज्यांच्याकडे त्या प्रदेशातले कित्येक उत्तम खेळाडू नव्हतेच. हा मॅराविचचा दोष नाही. पण विक्रम वाचताना हे मनात ठेवायला हवे. डेव्हिड थॉम्प्सन स्वतः दहा-बारा वर्षे आधी जन्माला आला असता, तर त्याच्याच राज्यातल्या त्या विद्यापीठाने त्याला संघात घेतले नसते.

मिसिसिपी स्टेटची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. १९५९, १९६१ आणि १९६२ या तिन्ही वर्षी कॉन्फरन्समध्ये अव्वल येऊनही हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला नाही, कारण तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंशी खेळावे लागले असते आणि राज्याच्या अलिखित नियमाला ते मंजूर नव्हते. बेली हॉवेलसारखा श्रेष्ठ खेळाडू त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेत एकही सामना न खेळता बाहेर पडला. १९६३ मध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम बजावला जाण्याआधीच संघ गुपचूप राज्याबाहेर निघाला आणि मिशिगनमधल्या ईस्ट लॅन्सिंगला शिकागोच्या लॉयोलाशी खेळला. लॉयोलाच्या सुरुवातीच्या पाचांपैकी चौघे कृष्णवर्णीय होते. सामन्याआधी दोन्ही कर्णधारांनी, जेरी हार्कनेस आणि जो डॅन गोल्ड यांनी, हात मिळवला तेव्हा छायाचित्रकारांच्या दिव्यांनी कोर्ट उजळून निघाले. लॉयोला ६१–५१ असे जिंकले आणि पुढे राष्ट्रीय विजेतेही झाले. तीन वर्षांनी टेक्सास वेस्टर्नने पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सुरुवात करून केंटकीला ७२–६५ असे हरवले. ती कथा आता सर्वतोमुखी आहे, म्हणून तिच्यावर थांबत नाही.

मला थांबायचे आहे ते कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांपाशी. जॉन मॅक्लेंडन हे कॅन्सस विद्यापीठात शिकले. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ तिथे शिकवत होते, मॅक्लेंडन प्रत्यक्ष त्यांच्या हाताखाली शिकले, पण वर्णामुळे त्यांना विद्यापीठाच्या संघात खेळता आले नाही. पुढे ते डरहॅमला नॉर्थ कॅरोलिना कॉलेजचे प्रशिक्षक झाले आणि वेगाने धावत खेळण्याची, चेंडू मिळताच प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडण्याची शैली त्यांनी विकसित केली. १२ मार्च १९४४ च्या रविवारी सकाळी, शहर चर्चमध्ये असताना, ड्यूकच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या गोऱ्या विद्यार्थ्यांचा संघ गुपचूप त्यांच्या व्यायामशाळेत आला. दारे बंद करून सामना झाला. मॅक्लेंडन यांचा संघ ८८–४४ असा जिंकला, आणि मग दोन्हीकडच्या मुलांनी आपापसांत मिसळून आणखी एक डाव खेळला. ही बातमी बाहेर फुटली असती तर लोक तुरुंगात गेले असते किंवा त्याहून वाईट झाले असते. कित्येक दशके तो सामना कोणाला ठाऊकच नव्हता.

माझे मत त्याच परंपरेतल्या अर्ल मन्रोला आहे. १९६६-६७ मध्ये विन्स्टन-सेलम स्टेटकडून त्याने सामन्यामागे ४१.५ गुण केले आणि क्लॅरन्स गेन्स यांच्या त्या संघाने महाविद्यालयीन विभागाचे, म्हणजे लहान महाविद्यालयांच्या गटाचे, राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. कृष्णवर्णीयांच्या एखाद्या महाविद्यालयाने राष्ट्रीय संघटनेचे बास्केटबॉल विजेतेपद मिळवण्याची ती पहिली वेळ. मन्रो ड्रिबल करताना खांदे एका दिशेला आणि पाय दुसऱ्या दिशेला न्यायचा. समोरच्याला तो कुठे जाणार हे कळेपर्यंत चेंडू आत गेलेला असे. त्याचे चित्रण फारच थोडे उपलब्ध आहे, म्हणून अशा चर्चांत त्याचे नाव मागे पडते.

तिसरी_घंटा (पुणे)

आतापर्यंत एकाही स्त्री खेळाडूचे नाव आलेले नाही, म्हणून लिहिते. ल्युसिया हॅरिस ही मिसिसिपीतल्या मिंटर सिटीजवळच्या शेतमजूर-शेतकरी कुटुंबातली सहा फूट तीन इंचांची मुलगी. डेल्टा स्टेट या छोट्या विद्यापीठाला तिने १९७५, १९७६ आणि १९७७ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. तिच्या प्रशिक्षक मार्गारेट वेड स्वतः तरुणपणी याच संस्थेकडून खेळत असत; हा खेळ मुलींना झेपणारा नाही असे म्हणून १९३० च्या दशकात तो संघच बंद करण्यात आला होता. चाळीस वर्षांनी तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा वेडबाई प्रशिक्षक म्हणून परतल्या आणि थोड्याच काळात देशात अजिंक्य ठरल्या. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला, आणि त्या इतिहासातली पहिली बास्केट ल्युसिया हॅरिसने टाकली. पुढच्या वर्षी पुरुषांच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या न्यू ऑर्लीन्स जॅझने तिची निवड जाहीर केली. त्या वेळी त्या संघाचा मुख्य खेळाडू होता पीट मॅराविच. ती गेली नाही. पण स्त्रियांसाठी व्यावसायिक संघच नव्हते, त्यामुळे तिचा उमेदीचा काळ कॉलेजबरोबरच जवळपास संपला. केवळ कॉलेजच्या वर्षांवर तोलण्याची अट ब्लूरिज यांनी घातली आहे. या मुलींच्या बाबतीत ती अट नियतीनेच घातली होती.

कॅन्ससची लिनेट वुडर्ड १९७७ ते १९८१ या चार वर्षांत ३,६४९ गुण करून गेली, तेही पुरुषांच्या मापाच्या चेंडूने आणि तीन गुणांच्या रेषेविना. स्त्रियांच्या स्पर्धा तेव्हा वेगळी संघटना भरवत असे, म्हणून २०२४ मध्येही राष्ट्रीय संघटना हे गुण आपल्या अधिकृत नोंदीत धरत नव्हती. दक्षिण कॅरोलिनातल्या फ्रान्सिस मॅरियनच्या पर्ल मूरचे तर ४,०६१ गुण आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर आयोवाच्या केटलिन क्लार्कने आधी वुडर्डचा आणि चारच दिवसांनी, मार्चमध्ये, मॅराविचचा आकडा ओलांडला, तेव्हा निदान त्या निमित्ताने वुडर्डचे नाव नव्या पिढीने ऐकले. क्लार्कचा खेळ मला अतिशय आवडतो, आणि तिच्यामुळेच मी या जुन्या नोंदी शोधू लागले. माझे मत ल्युसिया हॅरिसला आहे.

ब्लूरिज (कॅरी, नॉर्थ कॅरोलिना)

‘पीच_ट्री’ आणि ‘तिसरी_घंटा’ यांचे विशेष आभार. डरहॅम इथून अर्ध्या तासावर आहे आणि मॅक्लेंडन यांचे नाव दिलेली व्यायामशाळा त्या विद्यापीठात आजही आहे; इकडे येणाऱ्यांनी ती अवश्य पाहावी.

यापुढच्या चर्चेसाठी आणखी एक मुद्दा मांडतो. जुन्या खेळाडूंबद्दलच्या जिव्हाळ्याचे मोठे कारण, ते एकाच संघात टिकून राहत, हे आहे. प्रेक्षक त्यांना कोवळ्या वयापासून पदवीपर्यंत वाढताना पाहत. आता एका वर्षात व्यावसायिक संघाकडे जाणारे आणि दरवर्षी विद्यापीठ बदलणारे खेळाडू पाहिले की तसे नाते जुळत नाही. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात, ते न्याय्यच आहे. विद्यापीठे त्यांच्या जिवावर कोट्यवधी डॉलर मिळवत आली आहेत. पण त्या नात्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

वॉबॅश (टेरे होट, इंडियाना)

टिकून राहण्याबद्दल थोडे वेगळे सांगतो. इंडियानाला ज्याचा सर्वाधिक अभिमान आहे तो लॅरी बर्ड आधी ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात दाखल झाला होता. तिथले हजारो विद्यार्थ्यांचे वातावरण त्या लाजऱ्या खेडवळ मुलाला मानवले नाही आणि तो महिन्याच्या आत घरी निघून गेला. फ्रेंच लिक गावच्या नगरपालिकेत कचरागाडीवर त्याने काम केले. त्यानंतर तो आमच्या इंडियाना स्टेटमध्ये आला. त्याला तेव्हा दुसरी संधी मिळाली नसती तर या गावाला काहीच मिळाले नसते. त्यामुळे विद्यापीठ बदलणाऱ्या मुलांबद्दल मी कठोर होऊ शकत नाही.

१९७८-७९ मध्ये बर्डच्या संघाने ३३ पैकी ३३ सामने जिंकून अंतिम फेरी गाठली. त्याच्याशिवाय त्या संघातल्या कोणाचेही नाव गावाबाहेर फारसे ठाऊक नव्हते, आणि आधीचे प्रशिक्षक आजारी पडल्याने बिल हॉजेस यांनी अगदी ऐनवेळी सूत्रे हाती घेतली होती. २६ मार्च १९७९ रोजी सॉल्ट लेक सिटीत मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने त्यांना ७५–६४ असे हरवले. बर्डचे २१ पैकी ७ फटकेच आत गेले. दोन-दोन खेळाडू त्याच्याभोवती सतत उभे केले गेले होते. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर एवढ्या मोठ्या प्रमाणात पाहिला गेलेला दुसरा बास्केटबॉल सामना नाही, असे म्हणतात ते प्रेक्षकांच्या टक्केवारीच्या हिशेबाने आजही खरे आहे. कॉलेज म्हणजे एनबीएचा उंबरठा, ही दृष्टी माझ्या मते त्या रात्रीपासून पक्की झाली. त्याआधी कॉलेजचा सामना स्वतःच्या बळावर पाहिला जाई.

दुसरा_मजला (सॅन डिएगो)

‘वॉबॅश’ यांच्याशी सहमत आहे, आणि त्यांच्या मुद्द्याला जोडून दोन नावे देतो. हँक गॅदर्स आणि बो किंबल हे फिलाडेल्फियातल्या एकाच शाळेतले मित्र. दोघे एकत्र लॉस एंजेलिसला यूएससीमध्ये आले. पण त्यांना घेणारे प्रशिक्षक गेल्यावर दोघांनी विद्यापीठ बदलले आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे एक वर्ष न खेळता काढून ते लॉयोला मॅरीमाउंटकडे गेले. तिथे पॉल वेस्टहेड यांनी असा वेगवान खेळ बसवला होता की चेंडू हाती आल्यापासून काही सेकंदांत फटका मारायचाच. १९८८-८९ मध्ये गॅदर्सने देशात सर्वाधिक गुण आणि सर्वाधिक रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) असे दोन्ही मिळवले, सरासरी ३२.७ आणि १३.७.

४ मार्च १९९० रोजी कॉन्फरन्सच्या स्पर्धेत, एक जोरदार डंक केल्यानंतर काही क्षणांत तो कोर्टवर कोसळला आणि गेला. वय २३ होते. हृदयाच्या ठोक्यांच्या अनियमिततेचे निदान काही महिन्यांपूर्वीच झाले होते. कॉन्फरन्सची ती स्पर्धा तिथेच थांबवण्यात आली, लॉयोला मॅरीमाउंटला राष्ट्रीय स्पर्धेत पाठवण्यात आले, आणि खेळायचे की नाही हे मुलांनीच ठरवले. गॅदर्स उजव्या हाताचा असूनही फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा फटका) जमत नसल्यामुळे डाव्या हाताने टाकू लागला होता. न्यू मेक्सिको स्टेटविरुद्ध किंबलने आपला पहिला फ्री थ्रो मित्रासाठी डाव्या हाताने टाकला आणि तो आत गेला. दुसऱ्या सामन्यात त्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या मिशिगनला १४९–११५ असे हरवले. राष्ट्रीय स्पर्धेतल्या एका सामन्यात एवढे गुण त्याआधी कोणत्याही संघाने केले नव्हते. जेफ फ्रायरने त्या दिवशी तीन गुणांच्या अकरा बास्केट टाकल्या. शेवटी नेवाडा-लास व्हेगासने त्यांना रोखले आणि तोच संघ पुढे विजेता झाला.

गॅदर्सचे एनबीएमधले पान कोरेच राहिले, त्यामुळे या धाग्याची अट त्याला पूर्णपणे लागू होते. थॉम्प्सन, अल्सिंडॉर आणि मन्रो यांच्या पंक्तीत मी त्याला बसवतो, आणि किंबललाही त्याच्या शेजारी.